तारेचा टाका व सुंभाचा टाका : घरी बांधावयाच्या छोट्या शिडाच्या होडीचे तंत्र

छोटी शिडाची होडी घरी बांधण्याचा उद्योग सामान्यतः हौसेत जमा होतो. त्यामुळे तंत्रविद्येच्या इतिहासात किंवा समाजशास्त्रीय विवेचनात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः ह्या उद्योगाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक महत्त्वाचा प्रश्न अगदी स्पष्ट स्वरूपात पुढे आणला. जी वस्तू घडविण्यास पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण लागते असे मानले जात होते, तीच वस्तू करवत, रंधा, गिरमिट आणि पक्कड एवढ्या हत्यारांनिशी एखादा शाळाशिक्षक किंवा कारकून आपल्या पडवीत घडवू लागला. असे घडले तेव्हा कारागिराच्या ठायी असलेले ज्ञान अनावश्यक ठरले, की ते तेथून उठून अन्यत्र कोठे जाऊन बसले? ह्याचे उत्तर होडीच्या फळ्यांच्या कडांत सापडते. परंतु तेथवर पोचण्यासाठी नौकाबांधणीच्या दोन मूलभूत पद्धतींतील भेद प्रथम लक्षात घ्यावा लागेल.

पहिल्या पद्धतीत आधी सांगाडा उभारतात. तळाचे मुख्य लाकूड म्हणजे कणा मांडला, त्याच्या दोन टोकांस पुढचा व मागचा खांब उभा केला, कण्यावर ठराविक अंतराने बरगड्या बसविल्या आणि ह्या सांगाड्यावर बाहेरून फळ्या ठोकल्या, म्हणजे नौकेचे अंग तयार होते. येथे आकार बरगड्यांनी ठरविलेला असतो; फळी त्या आकारावर केवळ आच्छादन घालते. दुसऱ्या पद्धतीत क्रम उलटा असतो. फळीला फळी कडेने जोडीत जाऊन आधी कवच उभे करतात, आणि ते आकारास आल्यावर त्याला आतून बळकटी म्हणून बरगड्या देतात. येथे आकार ठरतो तो फळ्यांच्या कडांच्या वळणावरून. ओलोफ हासलोफ ह्या स्वीडिश अभ्यासकाने ह्या भेदाकडे विशेष लक्ष वेधले, आणि नौकांच्या पुरातत्त्वात ‘सांगाडा आधी’ व ‘कवच आधी’ ही वर्गवारी रूढ झाली. प्रत्यक्षात दोहोंचे मिश्रण पुष्कळदा आढळते, हे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे; तथापि प्रस्तुत विवेचनापुरती ती वर्गवारी पुरेशी आहे.

सांगाडा आधी उभारावयाचा असल्यास त्याच्या प्रत्येक बरगडीचा आकार आधी ठाऊक असावा लागतो. म्हणून मोठ्या जहाजांच्या बाबतीत ह्या पद्धतीने आराखड्याला फार मोठे महत्त्व आणून दिले. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिचे इंग्लंडहून पाठविलेले मूळ आराखडे ‘जावा’ ह्या युद्धनौकेवर होते, आणि ती नौका डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत नष्ट झाली. नवे आराखडे येईपर्यंत मुंबईचे काम लांबले. वाडिया घराण्यातील नौकाशिल्पींच्या कौशल्याविषयी कोणासही शंका नव्हती. अडले होते ते कागदावाचून.

घरी होडी बांधू इच्छिणाऱ्या माणसाला कागद सहज मिळतो. त्याची अडचण निराळी असते. सांगाड्याच्या पद्धतीने दहा-अकरा फुटांची होडी करावयाची झाल्यास प्रथम आराखडा जमिनीवर पूर्ण मापाने काढावा लागतो, त्यावरून साचे कापावे लागतात, ते एका भक्कम बैठकीवर ओळंब्यात व एका रेषेत उभे करावे लागतात, आणि मग प्रत्येक फळी तासून, वाफवून, पिळून त्यांवर बसवावी लागते. शेजारच्या फळीशी तिची कड जेथे मिळते, तेथे तिचा उतार इंचाइंचाला बदलत असतो. हा उतार अचूक काढणे हेच नौकासुताराचे मर्म होय, आणि ते एका होडीत शिकून होत नाही. शिवाय होडी पुरी झाली की साचे व बैठक ह्यांचा उपयोग संपतो. एकाच होडीसाठी एवढा खटाटोप करणे हौशी माणसास परवडण्यासारखे नव्हते.

ही परिस्थिती पालटली ती प्लायवुडमुळे. अधिक अचूकपणे बोलावयाचे तर प्लायवुडमधील चिकट द्रव्यामुळे. लाकडाचे पातळ पापुद्रे तंतूंची दिशा आळीपाळीने उभी-आडवी ठेवून चिकटविण्याची कल्पना जुनी आहे. परंतु प्राणिज सरसाने चिकटविलेले थर ओलाव्यात सुटून येत. १९३० नंतरच्या दशकात फिनॉल व फॉर्मल्डिहाइड ह्यांपासून बनविलेल्या कृत्रिम राळेचा वापर सुरू झाला, आणि उकळत्या पाण्यातही न सुटणारे जोड शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धात ‘मॉस्किटो’ ह्या ब्रिटिश विमानाचे अंग बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड घालून बनविले होते. युद्ध संपले तेव्हा पातळ, हलका, मोठ्या आकाराचा आणि पाण्यात टिकणारा लाकडी तक्ता ही एक बाजारात मिळणारी वस्तू झाली होती.

ह्या तक्त्याने होडीचा आकार कसा ठरविला, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ऑप्टिमिस्ट’. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स ह्या नौकाबांधणाऱ्याने १९४७ मध्ये मुलांसाठी ही होडी आखली. चार फूट रुंद व आठ फूट लांब अशा प्लायवुडच्या दोन तक्त्यांत ती बसावी, अशी अट होती. ऑप्टिमिस्टची लांबी सुमारे ७ फूट ९ इंच आहे. तक्ता आठ फुटांचा असल्यामुळे होडी त्याच्या आत राहिली, आणि तिच्यात लांबीचा जोड द्यावा लागला नाही. जोड टाळण्याचे महत्त्व ज्याने प्लायवुडचे दोन तक्ते टोकास टोक लावून जोडले आहेत त्यालाच कळेल. असा जोड तिरकस तासून करावयाचा, तर तासलेल्या भागाची लांबी जाडीच्या किमान आठपट ठेवावी लागते. सहा मिलिमीटरच्या तक्त्याला जवळजवळ पाच सेंटिमीटर. ऑप्टिमिस्टचा पुढचा भाग निमुळता न होता पेटीसारखा बोथट आहे. तो दिसावयास ओबडधोबड. पण बांधणे अत्यंत सोपे. लहान मुलांना शीड हाकारण्याचे शिक्षण देण्यासाठी ही होडी पुढे जगभर पसरली. आज ती बहुधा काचतंतूंची बनविली जाते. तिची आकृती मात्र अजूनही त्या दोन तक्त्यांचीच आहे.

ह्यापुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. केन लिट्लडाइक नावाच्या एका शिक्षकाने कयाक बांधताना साचे अजिबात वगळले. प्लायवुडचे तुकडे आधीच नेमक्या आकारात कापावयाचे, कडांजवळ भोके पाडून ते एकमेकांस टाक्यांनी बांधावयाचे, आणि मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून चिकटवावयाची, अशी ही युक्ती होती. तिला व्यापक रूप मिळाले ते ‘मिरर’ ह्या होडीमुळे. ‘डेली मिरर’ ह्या लोकप्रिय वृत्तपत्राच्या आश्रयाने ही होडी १९६२ मध्ये आखण्यात आली आणि जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या नौकाप्रदर्शनात मांडण्यात आली. तिच्या दोन कर्त्यांपैकी जॅक होल्ट हे अनुभवी नौकारचनाकार होते. भारतातील नौकानयन-संस्थांना परिचित असलेली ‘एंटरप्राइज’ ही होडीही त्यांचीच. दुसरे बॅरी बकनेल. हे बी. बी. सी. दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीची कामे स्वतः कशी करावीत हे दाखवीत, आणि त्यांना प्रचंड प्रेक्षकवर्ग लाभला होता. एकाला पाण्याचे ज्ञान होते. दुसऱ्याला हे ठाऊक होते की सामान्य गृहस्थाचा हात नेमका कोठे चुकतो. ह्या दोन ज्ञानांपैकी दुसरे अधिक दुर्मिळ होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मिररची लांबी १० फूट १० इंच, रुंदी ४ फूट ७ इंच आणि नुसत्या अंगाचे वजन सुमारे ४५ किलोग्रॅम. सुट्या भागांच्या संचाची किंमत आरंभी ६३ पौंड ११ शिलिंग होती; म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश कामगाराच्या सुमारे महिनाभराच्या मजुरीइतकी. शिडे लाल असत, कारण तो वृत्तपत्राचा रंग होता. आजवर सत्तर हजारांहून अधिक मिरर बांधल्या गेल्या. त्यांपैकी एक होडी घेऊन ए. जे. मॅकिनन नावाच्या शिक्षकाने इंग्लंडमधील श्रॉपशरपासून नद्या व कालवे ह्यांच्या मार्गाने काळ्या समुद्रापर्यंत प्रवास केला. त्याचे प्रवासवर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

ह्या पद्धतीचे मर्म समजण्यास थोडी भूमिती आवश्यक आहे. कागद गुंडाळून नळी करता येते, शंकू करता येतो. परंतु कागदाचा गोल चेंडू सुरकुत्या न पडता होत नाही. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूपाशी दोन प्रमुख वक्रता असतात. त्यांचा गुणाकार पृष्ठ न ताणता वाकविल्याने बदलत नाही, हा गाउसचा सिद्धान्त १८२७ चा. सपाट तक्त्यात तो गुणाकार शून्य असल्यामुळे तक्ता कितीही वाकविला तरी प्रत्येक ठिकाणी एक दिशा सरळच राहते. प्लायवुड जवळजवळ ताणले जात नाही. म्हणून त्यापासून होणारे होडीचे अंग हे अशाच, सपाट उलगडता येणाऱ्या पृष्ठांचे बनलेले असावे लागते. परंपरागत होडीचा भरदार, दोन्ही दिशांनी गोलावलेला गाल तिच्यात येऊ शकत नाही. घरी बांधलेल्या होड्या कोनदार दिसतात त्याचे कारण हेच होय. बांधणाऱ्याच्या सौंदर्यदृष्टीला त्याचा दोष देऊ नये.

आता असे दोन लांबट तुकडे घ्यावेत व त्यांच्या सरळ कडा एकमेकांस शिवाव्यात. त्यांची नुसती पन्हळ होईल. परंतु ज्या कडा शिवावयाच्या त्या बाहेरच्या बाजूस फुगीर वळणाने कापल्या, तर सपाट जमिनीवर ते तुकडे फक्त मध्यावर टेकतील आणि दोन्ही टोकांस त्यांच्यात फट राहील. ही फट टाक्यांनी मिटविली की तुकड्यांना वाकल्यावाचून गत्यंतर राहत नाही. टोके वर उचलली जातात, मधला भाग खाली राहतो, आणि दोन पाखांमधील कोन मध्यभागी पसरट व टोकांकडे अरुंद होत जातो. कोणी साचा लावला नाही, वाफ दिली नाही; कडेच्या वळणाने स्वतःच आकार घडविला. शिंपी सपाट कापडाच्या कळ्या तिरप्या कापून घेरदार वस्त्र शिवतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. फरक इतकाच की कापड तिरपे ओढले असता थोडे सैल सुटते व शिंप्याची चूक पोटात घालते. प्लायवुड तसे काही करीत नाही.

मिररमध्ये तळाचे दोन तुकडे, बाजूंचे दोन, पुढचा बोथट तोंडाचा एक व पिछाडीचा एक, अशी अंगाची मांडणी आहे. तळाचे तुकडे एकावर एक ठेवून मधली कड तांब्याच्या तारेने टाचतात आणि पुस्तक उघडावे तसे ते उघडतात. मग बाजू व दोन्ही टोके जोडली जातात. टाके आधी सैल ठेवावयाचे, सर्व कडा जुळल्या की क्रमाक्रमाने पक्कडीने पीळ द्यावयाचा. संध्याकाळी जे तक्ते भिंतीला टेकून उभे होते त्यांची दुसऱ्या दिवशी होडी झालेली असते, आणि ह्या पद्धतीच्या लोकप्रियतेत त्या एका रात्रीचा वाटा मोठा असावा.

तक्त्याची जाडी येथे दोन्ही बाजूंनी अडवते. वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे चार मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटरचा तक्ता घेतला तर तो दीडपट नव्हे, जवळजवळ ३.४ पट ताठ होतो. टोकाकडील पीळ तो सहन करीत नाही, टाके ओरबाडले जातात किंवा तार तुटते. ‘जाड फळी म्हणजे मजबूत होडी’ ही समजूत घरी बांधणाऱ्यास हमखास नडते.

तक्ते आधी कापलेले नसतील, तर आराखड्यातील अंतरे मोजून तक्त्यावर बिंदू मांडावे लागतात आणि ते जोडणारी वक्ररेषा काढावी लागते. त्यासाठी एक लांब, लवचीक, गाठी नसलेली लाकडी पट्टी बिंदूंवरून वाकवून खिळ्यांनी वा वजनांनी धरतात. पट्टी आपोआप कमीत कमी ताणाचा मार्ग घेते. गणितातील ‘स्प्लाइन’ ह्या वक्राचे नाव नौकाबांधणी व आरेखन ह्यांतील अशाच पट्टीवरून आलेले आहे. एखादा बिंदू तीन-चार मिलिमीटरने चुकला असेल तर पट्टीवर तेथे खोंच दिसते. ती पाहावयाची असते डोळा पट्टीच्या टोकाशी आणून, लांबीच्या दिशेने. मोजपट्टी सांगते त्यापेक्षा पट्टीवर अधिक विश्वास ठेवावा, असा नौकासुतारांचा जुना दंडक आहे, आणि तो रास्त आहे.

सर्व टाके आवळल्यानंतर व राळ लावण्यापूर्वीचा जो थोडा काळ असतो, तो ह्या बांधणीतील सर्वांत निर्णायक काळ होय. टाचलेले अंग अजून मऊ असते. ते जमिनीवर जसे ठेवावे तसे किंचित पिळले जाते. राळ वाळल्यावर हा पीळ कायमचा होतो. पिळलेली होडी एका अंगावर जाताना सरळ चालते आणि दुसऱ्या अंगावर जाताना सुकाणूशी भांडते. तो पीळ ओळखण्याची युक्ती साधी आहे. दोन सरळ काठ्या एक पुढे व एक मागे अशा होडीवर आडव्या ठेवावयाच्या, आणि मागे उभे राहून एका काठीवरून दुसरीकडे पाहावयाचे. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर अंग पिळलेले आहे. मग तळाखाली पाचर सारून, कर्णांची मापे पुन्हा घेऊन ते सरळ करावयाचे. साच्याने जे काम केले असते ते येथे डोळ्याला करावे लागते. आणि ज्या कारागिरीला फाटा दिला असे वाटत होते, तिचा एवढा अंश तरी मागच्या दाराने परत येतो.

राळेविषयी दोन शब्द. आरंभीच्या मिररमध्ये पॉलिएस्टर राळ वापरीत. ती स्वस्त होती. परंतु लाकडाला तिची पकड मध्यम असते, आणि जुन्या होड्यांच्या सांध्यांवरील पट्ट्या कालांतराने सोलून निघत. एपॉक्सी राळेने हा दोष बव्हंशी दूर केला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात गूजन बंधूंनी १९६९ पासून लाकूड व एपॉक्सी ह्यांच्या संयोगाची पद्धत विकसित केली आणि १९७९ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या पद्धतीत सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात लाकडाचा भुसा मिसळलेल्या घट्ट राळेचा गोलसर भराव देतात व त्यावर काचतंतूंची पट्टी बसवितात. भराव गोलसर असल्यामुळे ताण एका रेषेवर एकवटत नाही. तो रुंदीवर पसरतो. राळ वाळली की तारा कापून काढतात, किंवा भरावात गाडल्या गेलेल्या तशाच सोडतात. तारेचे काम संपलेले असते. येथून पुढे अंगात बरगड्यांची आवश्यकता फारशी उरत नाही. हवाबंद कप्प्यांच्या भिंती व बसण्याच्या जागा त्यांचे काम करतात. मिररमध्ये असे कप्पे आहेत, आणि होडी उलटली तरी ती बुडत नाही.

शिडाचा विचार येथे थोडक्यात करणे पुरेसे आहे. मिररची डोलकाठी आखूड असून तिच्यावर दुसरी काठी जवळजवळ उभी सरकविली जाते, त्यामुळे सर्व काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि होडी मोटारीच्या टपावरून नेता येते. वाऱ्याने आडवे सरकणे थांबविण्यासाठी तळाच्या फटीतून एक फळी पाण्यात उतरवितात. तोल राखण्याचे काम रुंदी आणि बसणाऱ्यांचे वजन मिळून करतात; होडीहून तिच्यातील दोन माणसेच तिपटीने जड असतात.

टाचलेले अंग पाहताना पश्चिम किनाऱ्याशी परिचित असलेल्या वाचकास दुसऱ्या एका शिवणीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात खिळ्यांवाचून, नारळाच्या काथ्याच्या सुंभाने फळ्या शिवून नौका बांधण्याची परंपरा दोन हजार वर्षे तरी जुनी आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. मार्को पोलोने हुर्मुझ येथे त्या पाहिल्या आणि त्या धोकादायक असल्याचा शेरा दिला. त्याच्या डोळ्यांपुढे खिळे ठोकलेली ताठ जहाजे होती, हे त्याचे मत वाचताना विसरता कामा नये. कोरोमंडल किनाऱ्यावरील मसुला ही शिवलेली होडी तर बरगड्यांवाचूनच असे. लाटांच्या माऱ्यात वाळूवर आदळताना तिचे अंग लवे, आणि म्हणूनच ती फुटत नसे. केरळातील केट्टुवळ्ळम् हे नावच बांधलेल्या होडीचे आहे. गोव्यात शिवलेल्या फळ्यांच्या होड्यांचा सविस्तर अभ्यास एकविसाव्या शतकातही करता आला, इतकी ही परंपरा चिवट आहे.

ह्या नौकाही ‘कवच आधी’ ह्याच पद्धतीच्या आहेत. फळीच्या कडेला भोके पाडून, सांध्यावर काथ्याची वळकटी ठेवून, सुंभ आरपार ओवून ताणतात. मग भोके बुजवितात, राळ व माशाचे तेल चोपडतात. बरगड्या नंतर येतात. म्हणजे १९६३ च्या इंग्लिश गृहस्थाने पडवीत जे केले ते युरोपातील मोठ्या जहाजांच्या सांगाड्यापेक्षा गोव्याच्या किनाऱ्यावरील शिवलेल्या होडीला तत्त्वतः अधिक जवळचे होते. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा ह्याचा अर्थ नव्हे. आकार कडांवर सोपविला की शिवण हा जोडण्याचा सोयीचा उपाय ठरतो, एवढेच ह्या साम्याचे कारण दिसते.

साम्याइतकाच भेदही लक्षणीय आहे. सुंभाची शिवण हीच नौकेचा कायमचा जोड असते. तारेची शिवण राळ वाळेपर्यंतचा आधार असते. सुंभ कुजला की नौका उसवून पुन्हा शिवता येते, कुजकी फळी तेवढी बदलता येते. चिकटविलेली होडी उसवता येत नाही; तिची दुरुस्ती म्हणजे कापणे व ठिगळ लावणे. परंतु त्याहून महत्त्वाचा भेद ज्ञानाच्या जागेचा आहे. शिवलेल्या नौकेत पुढच्या फळीची कड कशी असावी हे मागची फळी बसल्यानंतर ठरते. सुतार फळी धरून पाहतो, तासतो, पुन्हा धरतो. हा निर्णय फळीगणिक नौकेपाशीच घेतला जातो आणि तो त्याच्या हातात व डोळ्यात असतो. मिररमध्ये सर्व कडा होडी अस्तित्वात येण्यापूर्वीच ठरून गेलेल्या आहेत. होल्ट ह्यांचे कौशल्य त्या कडांत उतरून गोठलेले आहे. संच विकत घेणारा ते कौशल्य, स्वतःला न कळत, वापरत असतो. आज यंत्राने तक्ते मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक कापून मिळतात, तेव्हा ही विभागणी अधिकच पक्की झाली आहे. ह्यात बांधणाऱ्याचा लाभ निःसंशय आहे. पण आराखड्यात चूक असेल तर ती ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ राहत नाही, आणि होडी दोन हात लांब करावयाची म्हटली तर तो हतबल होतो. गोव्यातील वा केरळातील सुताराला त्यात अडचण वाटली नसती.

हे दुसऱ्या प्रकारचे ज्ञान नाहीसे झाले तर परत मिळविणे किती कष्टाचे असते, ह्याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. टिम सेव्हरिन ह्यांनी ओमानमधील सूर येथे ‘सोहार’ ही शिवलेली नौका बांधवून १९८०-८१ मध्ये मस्कतहून कँटनपर्यंत नेली, तेव्हा शिवणारे हात लक्षद्वीपमधून आणावे लागले. भारतीय नौदलाच्या ‘कौंडिण्य’ ह्या नौकेचा आधार होता अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकाचे एक चित्र. चित्र म्हणजे आराखडा नव्हे. त्यावरून रेषा नौदलाने काढल्या, त्यांची जलगतिकीय परीक्षा मद्रासच्या आय. आय. टी.च्या साहाय्याने झाली, आणि गोव्यात केरळी कारागिरांनी बाबू शंकरन ह्यांच्या नेतृत्वाखाली फळ्या शिवल्या. नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरली, २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात समाविष्ट झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचली. दोन्ही प्रसंगी कागद तयार करता आला. सुंभ ओढणारा हात मात्र जेथे उरला होता तेथूनच शोधून आणावा लागला.

पश्चिम किनाऱ्यावर घरी होडी बांधू पाहणाऱ्यास सामग्रीची आज अडचण नाही. नौकांसाठीच्या प्लायवुडला आय. एस. ७१० हे भारतीय मानक आहे, आणि एपॉक्सीही मिळते. लाकूड व एपॉक्सी ह्यांच्या संयोगातून गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या ५६ फुटी नौकेतून दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा ह्या हवेत ही सामग्री टिकते की नाही हा प्रश्न उरत नाही. अडचण आहे ती हवेतील उष्म्याची व दमटपणाची. उन्हाळ्यात एपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होऊ लागते. म्हणून ती थोडी थोडी कालवावी, पसरट भांड्यात ठेवावी आणि सकाळी लवकर लावावी. पावसाळ्यात तिच्या पृष्ठावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्याखेरीज पुढचा लेप धरत नाही. राळ उघड्या हाताला लागू देऊ नये, कारण एकदा कातडीला तिचे वावडे उत्पन्न झाले की ते सहसा जात नाही. प्लायवुडच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरते व बुरशीला जागा मिळते, तेव्हा सर्व कडा राळेने मुजविल्या पाहिजेत, भोकांच्या आतल्या कडासुद्धा. कोकणातील कोळी पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढून शाकारून ठेवतात. प्लायवुडच्या होडीलाही तोच नियम लागू आहे, फक्त ती पालथी ठेवावी व खालून वारा खेळता राहू द्यावा.

आणि टाके आवळून झाल्यावर, राळ कालविण्यापूर्वी, जवळच्या बंदरावरील एखाद्या जुन्या होडी-सुताराला बोलावून टाचलेले अंग दाखवावे. त्याने प्लायवुड कधी शिवलेले नसेल. तरी पिछाडीला उभे राहून तो दोन काठ्यांवरून एकदा पाहील, आणि पाचर कोणत्या बाजूस किती सारावयाची ते सांगेल.